आई-वडिलांना घेऊन चार दिवस मुंबईला चाललोय, तिथं फिरण्याचा खर्च कसा वाचवायचा?

तुम्ही सांगलीहून निघणार, सोबत साठी ओलांडलेले आई-वडील, मुक्काम दादरला. पुढं तुम्ही लिहिलंय, 'वयस्कर माणसांना लोकल झेपत नाही असं सगळे सांगतात, मग कॅबचा खर्च कमी कसा करू? की पास काढू?' त्या 'सगळे सांगतात'मुळं मी उत्तर लिहायला बसलोय. हे सगळे कधीतरी सकाळी नऊला कल्याणला गाडीत चढलेले असतात, चेंगरलेले असतात, आणि तेवढ्यावर आयुष्यभर लोकांना सल्ले देत राहतात.

पासाचं आधी उरकतो. रेल्वेचं एक, तीन आणि पाच दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं. पण दादर ते सीएसएमटीचं सेकंड क्लासचं साधं तिकीटच ५ रुपये आहे. दिवसाला दोन-चार फेऱ्यांसाठी त्यातून काही सुटत नाही. एकाच दिवसात विरारही करणार आणि पनवेलही करणार असाल तर घ्या. बेस्टचा दिवसाचा पास ७५ रुपयांना आहे. मे २०२५ मध्ये बेस्टनं किमान भाडं दुप्पट केलं, साध्या बसचं ५ चं १० झालं आणि एसीचं ६ चं १२. तरीसुद्धा सात-आठ वेळा बसमध्ये चढल्याशिवाय पास वसूल होत नाही. आई-वडिलांना घेऊन कोण एवढ्या बस बदलतंय? सुटी तिकिटं काढा.

खरा पैसा जातो तो 'असू दे, माणसांची आबाळ नको, गाडीच करू' ह्या वाक्यावर. आमच्या घरात हे वाक्य दाजींचं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. माणूस मनानं मोठा आहे, खर्चाला हात आखडता घेत नाही, पण मुंबई म्हटलं की त्यांना चार चाकांशिवाय काही सुचत नाही.

२०२३ च्या मे महिन्यात डोंबिवलीत चुलतभावाचं लग्न होतं. आम्ही साताऱ्याहून गेलो होतो. लग्नाच्या आदल्या दिवशी मोकळा वेळ होता, आईला सिद्धिविनायक आणि गेटवे बघायचं होतं. आदल्या रात्रीच दाजींनी एक मोठी गाडी ठरवून टाकली, दिवसाचे साडेचार हजार, टोल-पार्किंग वेगळं. मी म्हटलं, डोंबिवलीहून दादरचं तिकीट माणशी वीस रुपयांच्या आत आहे, अकरा वाजून गेले की गर्दी ओसरते, आपण लोकलनं जाऊ. दाजी म्हणाले, "मामींना लोकलमध्ये घालणार तुम्ही? लोकं काय म्हणतील?" शेवटी दोन तुकड्या झाल्या. दाजी, ताई, भाच्या आणि आत्या गाडीनं. आई, माझी बायको, धाकटी काकू आणि मी लोकलनं.

आईबद्दल थोडं सांगायला पाहिजे. आमचे आबा मशीद बंदरला माथाडीत होते. जावळी-पाटणकडच्या बहुतेक घरांतलं एक तरी माणूस तेव्हा मुंबईत पाठीवर पोती वाहत होतं. आबांनी मुंबईत कधी टॅक्सी केल्याचं मला आठवत नाही. आई गावाकडंच राहिली, पण दोन-तीन वेळा त्यांच्याबरोबर जाऊन आलेली. त्यामुळं मुंबईची भीती तिला कधीच नव्हती. भीती तिच्या नावावर दुसऱ्यांनी लावलेली होती.

दादर फास्ट गाडी आली तेव्हा आई आणि काकू लेडीज डब्यात चढल्या, बायको सोबत. मी शेजारच्या जनरलमध्ये. दादरला उतरल्यावर बायकोनं सांगितलं की आई चढल्या चढल्या खिडकीजवळची एक पोरगी उठली. "आजी, तुम्ही बसा इथं," म्हणाली. बांगड्या-क्लिपा विकणारी बाई आली तेव्हा आईनं भाच्यांसाठी क्लिपा घेतल्या, भाव करून. मुंब्र्याच्या पुढं गाडीनं वेग घेतला तेव्हा तिनं काकूचा हात धरला, आणि ठाणं येईपर्यंत दोघी आबांच्या खोलीच्या गोष्टी काढून बसल्या.

दादर पश्चिमेला बसस्टॉपवर उभे होतो. मी मोबाईलमध्ये मान घालून बस कुठं आली ते शोधत होतो. आई चौथी शिकलेली, इंग्रजी अक्षर तिला येत नाही. पण बेस्टच्या बसच्या कपाळावर आकडे मराठीत असतात. "ती बघ आली आपली," म्हणून आईनं पदर खोचला आणि चालायलाही लागली. त्या आख्ख्या रांगेत बस सगळ्यात आधी आईनं ओळखली होती. परक्या शहरात तिला कुणाला विचारावं लागलं नाही, ह्याचा मला त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढा दर्शनाचाही झाला नाही.

आमचं दर्शन झालं, प्रसाद घेतला, समोर उसाचा रस प्यायलो, तेव्हा दाजींचा फोन, की आम्ही अजून घाटकोपरलाच आहोत. ते पोचले तर प्रभादेवीत गाडी लावायला जागा नाही. ड्रायव्हर चकरा मारत राहिला, आत्या गाडीतच बसून राहिल्या, कारण उतरलो तर परत गाडी कुठं सापडणार ही चिंता. त्यांचं गेटवे झालंच नाही. आम्ही दादरहून लोकलनं सीएसएमटी, तिथून बसनं गेटवे, आणि चारच्या आत परतीच्या गाडीत बसलो. सीएसएमटीला गाडी रिकामी लागते, चौघांना बसायला मिळालं. चौघांचा दिवसाचा प्रवासखर्च दोनशेच्या पुढं गेला नाही.

एवढं होऊन रात्री मांडवात पंधरा-वीस माणसांसमोर दाजी म्हणाले, "पैसे वाचवायला मामींना लोकलमध्ये लोंबकळत नेलं ह्यांनी." जावयाला उलटून बोलायची रीत आमच्यात नाही. आई खाली बघत राहिली. मी पण गप्प बसलो, बहिणीचं घर आहे ते. नंतर बायकांत बसल्यावर आई म्हणाली म्हणे, "मला खिडकी मिळाली होती. वन्संच बिचाऱ्या दिवसभर गाडीत तापल्या." पण ते दाजींपर्यंत कोण पोचवणार? त्यानंतर प्रत्येक कार्यात हा विषय निघतो. १५ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल माफ झाला, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम फोन केला, "आता बोला!" म्हणून. आता बोलतोच. टोल माफ झाल्यानं सायनची कोंडी हटली नाही आणि प्रभादेवीत पार्किंग उगवलं नाही. तुमच्याही घरात असे कुणी दाजी असतील तर त्यांना हे उत्तर वाचायला द्या.

आता तुमच्या कामाचं. वेळ सांभाळली की बाकी सगळं सोपं आहे. सकाळी आठ ते अकरा गर्दी सीएसएमटी-चर्चगेटकडं जाते, संध्याकाळी पाच ते नऊ तिकडून परत येते. तुम्ही अकरानंतर निघा आणि चारला परता, नाहीतर गर्दीच्या उलट दिशेनं जा. दुपारी आई-वडिलांना वेगवेगळ्या डब्यांत घालू नका. बाईमाणसाला जनरल डब्यात बसता येतं आणि दुपारी जागाही मिळते. फास्टच्या नादाला लागू नका, स्लो गाडीत चढा-उतरायला धक्काबुक्की कमी. फर्स्ट क्लासचा डबा बाहेरून पटकन ओळखू येत नाही, त्यामुळं चढताना नीट वाचा. चुकून चढलात तर भाड्याचा फरक आणि वर किमान २५० रुपये दंड, चार दिवसांची बचत एका फटक्यात जाते. मोबाईलवर तिकीट काढणार असाल तर स्टेशनात शिरायच्या आधी काढा, प्लॅटफॉर्मवर उभं राहून ते निघत नाही.

दादरला जुन्या माणसांचं ऐकून प्लॅटफॉर्म शोधू नका. डिसेंबर २०२३ पासून नंबर सलग केलेत, वेस्टर्नचे १ ते ७ आणि सेंट्रलचे ८ ते १४. आधी दोन्हीकडं एक नंबर होता आणि नवखा माणूस हमखास चुकायचा.

टॅक्सी अजिबात करू नका असं माझं म्हणणं नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे. तुम्ही चौघं असाल तर तेवढ्याच अंतराला बेस्टचे साध्या बसचे ४० होतात. म्हणजे स्टेशन ते देऊळ अशा जवळच्या टप्प्याला मीटरची टॅक्सी बसपेक्षा स्वस्त पडते. हे दाजींना मी अजून सांगितलेलं नाही, पण खरं ते खरं. लांबचा टप्पा लोकलनं तोडायचा आणि शेवटचा तुकडा टॅक्सीनं, ह्याच्यापेक्षा स्वस्त आणि बिनकष्टाचं दुसरं काही नाही. रिक्षा शोधत बसू नका, सायन-माहीमच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत.

आणि आता भुयारी मेट्रो आहे, जी आमच्या वेळी नव्हती. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावते, सिद्धिविनायकाला स्टेशन आहे, महालक्ष्मीला आहे, सीएसएमटीलाही आहे. भाडं १० ते ७० रुपये, लोकलपेक्षा महाग, पण लिफ्ट आहे, एसी आहे, आणि गाडी पकडायला पळावं लागत नाही. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर पादचारी पुलाचे जिने चढवण्यापेक्षा हे बरं. दादर मेट्रो मात्र रेल्वे स्टेशनला लागून नाही, थोडं चालावं लागतं.

जाता-येता एसटीनं जाणार असाल तर आईला निम्मं तिकीट पडेल. मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना एसटीत पन्नास टक्के सवलत आहे. वडील पासष्टचे झाले असतील तर त्यांनाही निम्मं, आधार कार्ड जवळ ठेवा. ही सवलत बेस्टमध्ये किंवा लोकलमध्ये मागू नका, तिथं ती नाही. रेल्वेनं तर ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती केलीच.

मी हे सगळं चालत्या-फिरत्या माणसांबद्दल लिहिलंय. ऑपरेशन झालेलं असेल, छातीचा त्रास असेल, किंवा जुलैचा धो-धो पाऊस असेल तर माझं काही ऐकू नका, दारात टॅक्सी बोलवा. आणि परतीला महालक्ष्मी एक्सप्रेस असेल तर मुक्काम दादरला असला तरी दादरला चढू नका. तिथं गाडी जेमतेम थांबते आणि सामान घेऊन म्हाताऱ्या माणसांची तारांबळ उडते. गाडी रात्री आठनंतर सुटते. संध्याकाळी सहाच्या सुमारास दादरहून सीएसएमटीकडं जाणाऱ्या लोकल मोकळ्या असतात, सगळी गर्दी उलट्या बाजूला. पाच रुपयांत सीएसएमटीला जा, तिथं गाडी लागली की सावकाश चढवा दोघांना, आणि वडिलांची खालची बर्थ तिकीट काढतानाच मागून घ्या.