वाचक विचारतात : हा ताण कशासाठी?

प्रश्न : प्रभूच्या नावाने सलाम. उन्हाळ्यात बोअर आटलं, मोसंबीची निम्मी बाग वाळली. त्यात घरच्यांचं ऑपरेशन निघालं. मंडळीतले (चर्चमधले) एक वडीलधारे पुढारी म्हणाले, "कुठंतरी पाप दडलंय, म्हणून देव शिक्षा करतोय." बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या 12व्या अध्यायातही (इब्री 12) तसंच आहे ना?
— एक शेतकरी बंधू, जालना जिल्हा

उत्तर : सलाम, भाऊ. तसं नाही. तिथं 'शिक्षा' किंवा 'शिस्त' असं भाषांतर झालेला मूळ ग्रीक शब्द 'पायदेया' आहे. तो 'पाइस' म्हणजे लेकरू, यावरून आला. लेकराला वळण लावणं, शिकवणं, वेळप्रसंगी रागावणं हे सगळं त्यात येतं. पापाची वसुली त्यात येत नाही. ती ख्रिस्ताच्या वधस्तंभावर चुकती झाली. आणि हे पत्र कुणाला लिहिलंय ते 10:32-34 मध्ये पाहा : विश्वासापायी ज्यांची मालमत्ता लुटली गेली, त्यांना. त्यांच्या पापामुळं ते झालं असं लेखक कुठंही म्हणत नाही.

शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती, असं प्रभूनं स्वतः सांगितलं (लूक 13). संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ 7 दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि चुकले. तुमच्या मंडळीतल्या त्या वडिलांनाही लूक 13 वाचायला सांगा, पण प्रेमानं.

मग देव शिस्त लावत नाही का? लावतो, आणि तुम्हाला ती बागेवरून कळेल. मोसंबीच्या आंबे बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी) तुम्ही आधी पाणी तोडता, म्हणजे झाडाला ताण देता. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या रानात जास्त दिवस लागतात. पानं मलूल होतात, थोडी पिवळी पडून गळतात. ताण बसला नाही तर झाड नुसतं पालवीत जातं, फूल धरत नाही. जास्त झाला तर फांद्या वाळतात. म्हणून माळी रोज झाडाकडं बघतो आणि वेळेवर हलकं पाणी देऊन ताण तोडतो. दुष्काळानं वाळलेली झाडं ही वेगळी गोष्ट, तिची गल्लत करू नका. पण त्या दुष्काळातही बाप आपल्या लेकराचं मन घडवतो.

आता करायचं काय? स्तोत्र 139:23-24 ('हे देवा, माझं मन तपासून पाहा') घेऊन एकांतात बसा. एखादं ठरावीक पाप डोळ्यांपुढं आलं, समजा बांधावरून भावाशी धरलेला अबोला, तर नाव घेऊन कबूल करा आणि त्याच आठवड्यात भावाच्या घरी जा. जकातदार जक्कयानं लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं होतं. काहीच सापडलं नाही तर उकरत बसू नका. पवित्र आत्मा दोष दाखवतो तो नेमका असतो. 'तू वाईटच' असं नुसतं घोळत राहणारं मन हा त्याचा आवाज नव्हे.

इथं माणसं दोन बाजूंनी घसरतात, आणि इब्री 12 च्या पाचव्याच वचनात दोन्ही सांगितल्यात : एक तर 'होतंच असं' म्हणून काही न शिकणं, नाहीतर खचून उपासनाच सोडणं. खचण्यातून पुढं कडवटपणाचं मूळ फुटतं (12:15), हे जास्त घातक, कारण त्यानं घरातले इतरही बाटतात. अकराव्या वचनातला 'सराव झालेले' हा शब्द तालमीतला आहे. पहिल्या दिवशी अंग दुखतं, फळ 'नंतर' येतं. किती नंतर, ते वचन सांगत नाही. तोवर बाराव्या वचनाप्रमाणं गळालेल्या हातांना आधार हवा : दोन-तीन भावांना दर आठवड्याला घरी प्रार्थनेला बोलवा आणि ऑपरेशननंतरची औषधं एक दिवसही चुकवू नका. औषध बंद करणं म्हणजे विश्वास नव्हे.

प्रश्न : नवरा दारू पिऊन मारतो. सासूबाई म्हणतात, सोस, ही देवाची शिस्त आहे. काय करू?
— एक बहीण, लातूर

उत्तर : ताई, ही देवाची शिस्त नाही, हे पाप आहे आणि ते मारणाऱ्याचं आहे. इब्री 12 मधला बाप आपल्या हितासाठी, आपण त्याच्या पवित्रतेचे वाटेकरी व्हावं म्हणून वळण लावतो. दारूच्या नशेत उठलेल्या हाताचा त्याच्याशी काही संबंध नाही. क्षमा करणं आणि मार खात घरात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी लेकरांसह सुरक्षित ठिकाणी जा. अंगावर येत असेल तर 112 हा आणीबाणीचा नंबर लावा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो. लागलेल्या माराची सरकारी दवाखान्यात नोंद करून कागद जपून ठेवा. पाळकसाहेबांना सांगताना पाळकीणबाईंना सोबत बसवा, आणि समेटाची बोलणी दारू सुटल्याशिवाय सुरू करू नका.