मुंबईच्या थंडीत गरम मसालेदार सफरचंदाचा रस प्यायला मजा येते का, आणि तो घरी कसा करायचा?

येते की, भरपूर येते. तुम्ही विचारलंय की मुंबईत थंडी नावापुरती, मग अमेरिकेत लोक बर्फ पडत असताना पितात ते हॉट ॲपल सायडर इथे करण्यात काय अर्थ आहे. मी बोरिवली पूर्वेला नॅशनल पार्कपासून चालत दहा मिनिटांवर राहतो आणि गेली काही वर्षं डिसेंबर-जानेवारीतल्या जवळजवळ प्रत्येक रविवारी सकाळी हे करतो, त्यामुळे करून बघितलेलंच सांगतो.

आधी थंडीचं. दुपारी आपल्याकडे ३० डिग्री असतं हे मान्य, पण पहाटे १६-१७ पर्यंत उतरतं आणि पार्काच्या कडेला अजून थोडं कमीच वाटतं. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ पर्यंत पारा गेला होता, तशी थंडी आता कुठे मिळायला, पण वर्षभर घामात राहिलेल्या अंगाला १६ सुद्धा चांगलंच झोंबतं. फक्त वेळ सांभाळा, सकाळी आठच्या आत नाहीतर रात्री जेवण झाल्यावर. दुपारी दोन वाजता प्यायलात तर नुसता घाम येईल आणि मग म्हणाल की काय एवढं कौतुक.

दुसरं, दुकानात जाऊन नुसतं "ॲपल सायडर द्या" म्हणू नका, व्हिनेगरची बाटली हातात ठेवतील, ते आंबवलेलं असतं आणि त्याचं हे पेय होत नाही. ब्रिटनमध्ये सायडर म्हणजे दारू, अमेरिकेत सायडर म्हणजे न गाळलेला गढूळसा सफरचंदाचा ताजा रस, आपल्याला हा अमेरिकेतला हवाय. खोक्यातला ज्यूस चालतो का, तर चालतो, पण साखर न घातलेला बघून घ्या. मला तो आवडत नाही, पार पाण्यासारखा स्वच्छ असतो आणि मसाल्याला धरायला त्यात काही उरलेलंच नसतं.

तर रस घरीच काढा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात किन्नौरची आणि काश्मीरची सफरचंदं बाजारात भरपूर येतात, नंतर कोल्ड स्टोरेजची मिळत राहतात. दीड किलो घ्या, डाग पडलेली स्वस्तातली असली तरी चालतील, फक्त कुजका भाग काढून टाका. बिया काढायच्या, साल ठेवायची, फोडी करून दोन वाट्या पाणी आणि अर्धं लिंबू घालून मिक्सरमधून काढायचं आणि ओल्या मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायचं. लिंबू आधीच घाला, नाहीतर फोडी बघता बघता काळ्या पडतात. साधारण लिटरभर रस निघतो. हा रस टोपात घालून बारीक गॅसवर ठेवला की कडेने तपकिरी फेस जमायला लागतो, तो झाऱ्याने काढत राहायचं, गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात अगदी तसं. टोप स्टीलचाच घ्या, कल्हई नसलेलं पितळ किंवा ॲल्युमिनियम नको, आंबट आहे ना.

आता मसाला, आणि इथेच बहुतेकांचं बिघडतं. पहिल्या वर्षी मी दालचिनीची पूड घातली होती, सोसायटीच्या गच्चीवर ३१ डिसेंबरला वीसेक माणसांसाठी मोठा टोप भरून केलं होतं आणि अर्ध्या तासात त्याला शेंबडासारखी तार सुटली, कारण दालचिनीची पूड पाण्यात फुगून बुळबुळीत होते. सगळं ओतून द्यावं लागलं, फार वाईट वाटलं होतं तेव्हा. म्हणून मसाला अख्खाच घ्या. लिटरभर रसाला बोटाएवढे दोन तुकडे दालचिनी, पाच लवंगा, एक चक्रीफूल, चार मिरी, आल्याचा ठेचलेला तुकडा आणि संत्र्याच्या सालीची एक लांब पट्टी, तिच्या आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाका, तो कडू असतो. हे सगळं स्वच्छ कापडात बांधून पुरचुंडी टोपात सोडायची. मला लालबागच्या मसाल्याच्या दुकानातून थोडं थोडंच आणायला आवडतं, वास ताजा असतो.

आणि उकळू नका. खरंच सांगतो, या एका गोष्टीवर सगळं अवलंबून आहे. मसाल्याचा वास म्हणजे त्यातलं उडून जाणारं तेल, खळखळ उकळलं की घरभर वास सुटतो, आपल्याला छान वाटतं, पण तो वास कपातून गेलेला असतो. रस नुसता थरथरला पाहिजे, कडेला बारीक बुडबुडे आणि मधे शांत, झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटं बास. मग पुरचुंडी लगेच बाहेर काढा, रात्रभर तशीच ठेवलीत तर लवंग चढते आणि जीभ बधिर होते, दाढ दुखल्यावर लवंगेचं तेल लावतो ना, तोच गुण. जायफळ मात्र अगदी शेवटी, सहाणेवर दोन वळसे उगाळून, बाळगुटीला देतात तेवढंच.

आता आमच्या घरचा बदल, जो मला सगळ्यात जवळचा आहे. २०१७ च्या डिसेंबरात कामासाठी शिकागोला होतो तेव्हा रस्त्यावर कागदी कपातून हे पहिल्यांदा प्यायलो आणि पहिल्या घोटाला आईचं आमसुलाचं सार आठवलं. चाळीत राहायचो तेव्हा थंडीत रात्री ती गूळ, जिरं, मिरी घालून गरम सार करायची आणि आम्ही वाटीला दोन्ही हात लावून प्यायचो. म्हणजे फळाचं गरम, मसाला घातलेलं, आंबटगोड पेय आपल्याला काही नवीन नाही, फक्त आपण ते भाताबरोबर घेतो म्हणून त्याला पेय म्हणत नाही. परत आल्यावर इथल्या सफरचंदाचं करून बघितलं तर नुसतं गोडमिट्ट लागलं. आपल्याकडे मिळणारं लाल सफरचंद मुख्यतः डेलिशियस जातीचं, त्याची रोपं सत्यानंद स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून आणून हिमाचलात कोटगढला लावली होती, खायला छान पण आंबटपणा फार कमी. तिकडे सायडरला गोड आणि आंबट अशी वेगवेगळी सफरचंदं मिसळतात, इथे ते कुठे जमणार. मग मी तीन आमसुलं पाण्यात खळबळून, म्हणजे वरचं मीठ निघून जाईल अशी, शेवटची दहा मिनिटं टोपात टाकली. रंग डाळिंबी झाला आणि चव एकदम जागेवर आली. तेव्हापासून साखर मी घालतच नाही, फार तर सुपारीएवढा गूळ, तोही चव बघून.

कटिंगच्या ग्लासात द्या, मोठ्या मगात नको, कारण अर्ध्यावर गार होतं आणि गार झालेलं मला तरी प्यायला आवडत नाही. घरात कुणाला डायबेटिस असेल तर अर्धाच ग्लास, कारण चोथा काढलाय पण फळातली साखर सगळी त्यातच आहे. उरलं तर फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं, परत नुसतं कोमट करा.

फडक्यात जो चोथा राहतो तो टाकू नका. कढईत थोडं तूप, गूळ आणि चिमटीभर वेलची घालून आटवा, पोळीशी छान लागतो. आमच्याकडे तो सोमवारी धाकटीच्या डब्यात जातो आणि आता ती रविवारी सकाळीच येऊन विचारते, आज पिळणार आहेस ना?