जुनी एटीसी २०० गरम झाली की बंद पडते, प्लगला करंट येत नाही. सीडीआय बदलू का?

नका बदलू. निदान एवढ्यात तरी नको.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: ओहायोत एका शेतकऱ्याच्या कोठारातली १९८२ ची होंडा एटीसी २००, म्हणजे जाड टायरांची तीनचाकी, तुम्ही घेतलीत. थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला सुरू होते, वीसेक मिनिटं मजेत पळते आणि मग दिवा विझावा तशी बंद. तेव्हा प्लगला करंट नसतो. तासभर उभी ठेवली की पुन्हा साळसूदपणे सुरू. प्लग नवा घालून झाला, फ्रेमला आधीच्या मालकाने ताजा लाल रंग दिलेला आहे, आणि आता तुमचं बोट सीडीआयच्या, म्हणजे प्लगला ठिणगी पाठवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याच्या, 'ऑर्डर' बटणावर आहे.

माझ्याकडे मिशिगनमध्ये याच जातीची १९८३ ची आहे आणि हाच आजार तिला झाला होता. मी आधी डबा मागवला. ऑनलाइन, स्वस्तातला. तो आला तेव्हा कळलं की सॉकेट बसतो, पण आतल्या वायरींचा क्रम वेगळाय. रंग जुळवून पिना बदलल्या, गाडी सुरू झाली, मी खूश. अठराव्या मिनिटाला पुन्हा तेच. सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्यांवर, काठीवर नारिंगी झेंडा फडकावत, शंभर किलोंहून जड धूड उतारापर्यंत ढकलत नेलं. तीन जाड टायर वाळूवर तरंगतात म्हणे. इंजिन चालू असतं तेव्हा.

तेव्हा माझं म्हणणं एकच: गाडी मेलेली असते तेव्हाच तपासा. घरी आणून, थंड करून, शांतपणे मीटर लावलात तर सगळे आकडे बरोबर येतील, कारण तेव्हा बिघाड तिथे नसतोच. मल्टिमीटर, अठराचा प्लगपाना आणि एक स्पार्क टेस्टर पिशवीत घालून फिरायला जा. बंद पडली की पाणीसुद्धा न पिता कामाला लागा, पाच-दहा मिनिटंच हातात असतात.

आधी करंट नक्की नाहीये ना, ते बघा. आपल्याकडे गॅरेजात प्लग काढून बॉडीला टेकवतात आणि पोऱ्याला सांगतात, 'मार किक.' इथे तसं करू नका. दोरी ओढली की प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगी तिच्या शेजारीच पडते. शिवाय उघड्या हवेत पडणारी ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली पडेलच असं नाही. टेस्टरमध्ये पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवा. ती ओलांडून निळी, चटकन वाजणारी ठिणगी आली तर दोष इग्निशनचा नाही. मग टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' झालं तर झाकणाचा श्वास कोंडलाय, कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाहीये, आणि तुम्ही उगाच विजेच्या मागे लागलात. असं होतं, आणि लक्षणं अगदी सारखी दिसतात. प्लग डी८ईए असला आणि त्याची फट ०.६ ते ०.७ मिमी असली की त्याच्याबद्दल आणखी बोलण्यासारखं काही नाही.

करंट खरंच नसेल तर सीडीआयच्या सॉकेटमधली काळी-पांढरी वायर सोडवा. ही किल स्विचची, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणाची. या गाड्यांत स्विच बंद केला की ती वायर अर्थ होते आणि करंट मरतो, म्हणजे मोटारीच्या बरोबर उलटा हिशेब. चाळीस वर्षांच्या स्विचमध्ये ओल आणि हिरवा गंज साचला, किंवा हँडलच्या वळणाशी वायरीची साल गेली, की गाडी आपली आपणच स्वतःला बंद करते. ही वायर सोडवल्यावर करंट आला तर एका पैशाचा पार्ट न घेता काम झालं. फक्त लक्षात ठेवा, ती सुटी असताना स्विचने इंजिन बंद होणार नाही. तेच टोक फ्रेमच्या उघड्या लोखंडाला टेकवायचं किंवा चोक पूर्ण ओढायचा. चालू गाडीची प्लग कॅप उपटू नका. हाताला झटका बसेल तो बसेल, पण कॉइल आणि सीडीआयवरही उगाच ताण येतो.

तरी करंट नाही? मग मीटर. त्याआधी ही यंत्रणा चालते कशी ते दोन वाक्यांत सांगतो, म्हणजे कुठली वायर का बघायची ते कळेल. दोरीमागच्या मॅग्नेटमध्ये एक एक्सायटर कॉइल असते, ती सीडीआयमधला कपॅसिटर काही शे व्होल्टला भरते. दुसरी छोटी पिकअप कॉइल 'आता सोड' असा इशारा देते, कपॅसिटर इग्निशन कॉइलमध्ये रिकामा होतो आणि तिथून हजारो व्होल्ट प्लगला जातात. बॅटरीचा यात काही संबंध नाही, त्यामुळे ती शोधत बसू नका.

एक्सायटरची वायर काळी-लाल. सॉकेट सोडवून तिच्यात आणि हिरव्या अर्थमध्ये रोध मोजा. शंभर-दोनशे ओहमच्या आसपास काही दिसलं तर ठीक, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधून घ्या. पिकअपची वायर निळी-पिवळी, तिचा रोध याहून बराच कमी, काही दहा ओहमांत. मोजताना दुसऱ्या हाताने वायरिंग हलवत राहा, विशेषतः स्टिअरिंगच्या मानेपाशी. कोठारातली गाडी म्हणजे उंदरांनी कुठेतरी चव घेतलेली असणारच.

आता मुख्य गोष्ट. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, वीस अंशांवरून शंभरावर गेलं तर साधारण तीस टक्के. तेव्हा १५० च्या जागी १९० दिसले म्हणून घाबरू नका. घाबरायचं ते मीटरने हात वर केले तर, म्हणजे 'ओपन' दाखवलं तर. केसासारख्या बारीक तारेला कुठेतरी चीर असते. थंड असताना दोन्ही टोकं एकमेकांना टेकलेली असतात, तापून पसरली की सुटतात. अमेरिकेत सरकार आणि कंपन्यांमधल्या १९८८ च्या करारानंतर अशा तीनचाकी विकणंच थांबलं, त्यामुळे यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता चाळिशीला टेकलीय आणि तुमची तर तिच्याहून थोरली. कॉइलवरचं वार्निश तेवढंच म्हातारं.

माझ्या गाडीत पिकअप गेला होता. नंतर विचार केला तर ते अपेक्षितच होतं. या इंजिनात पिकअप मॅग्नेटपाशी नसून वर हेडवर, कॅमशाफ्टच्या टोकाशी बसवलाय. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात याहून तापलेली जागा कॉइलसाठी शोधून सापडणार नाही. थंड असताना आकडा सरळ. वाळूत गाडी मेल्याबरोबर मोजलं तर ओपन, आणि फ्रेमला टेकून बसलो तर माझ्या डोळ्यांसमोर तो आकडा परत आला. एवढं बघितलं आणि डब्याला दिलेल्या शिव्या मागे घेतल्या. विकणाऱ्याला दिलेल्या मात्र नाही घेतल्या.

घरी खात्री करायची तर पिकअप किंवा एक्सायटरवर हेअर ड्रायर धरा आणि मीटर लावून ठेवा. बायकोचा ड्रायर असेल तर आधी विचारून घ्या, त्याला नंतर ग्रीसचा वास येतो.

पिकअप बदलायची वेळ आली तर त्याच्या आणि कॅमबरोबर फिरणाऱ्या रोटरच्या मधली फट फीलर गेजने बघा, ०.३ ते ०.४ मिमी. आणि रोटर काढलात तर बसवताना खुणेवर खूण आणा. मी रात्री अकराला घाईत तो उलटा बसवला. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे कॅमवरची अर्धी फेरी म्हणजे क्रँकची पूर्ण एक. ठिणगी कॉम्प्रेशनला पडायच्या ऐवजी एक्झॉस्टच्या वेळी पडायला लागली. करंट झक्क, पेट्रोल झक्क, आणि गाडी नुसती खोकते. शेजाऱ्याच्या घरात दिवा लागला तेव्हा मी झोपायला गेलो. तिथेच ॲडव्हान्सरची, म्हणजे वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची, वजनंही असतात, ती गंजून अडकलेली नाहीत ना तेही बोटाने हलवून पाहा.

दोन्ही कॉइल गरम असतानाही बरोबर निघाल्या तर काळ्या-पिवळ्या वायरीवरची इग्निशन कॉइल बघा. आतली बाजू एक ओहमच्याही आत, प्लगकडची काही हजार. ताज्या रंगाबद्दल: कॉइल फ्रेमला जिथे आवळलीय तिथला रंग पॉलिश पेपरने खरवडून लोखंड उघडं करा. रंगामुळे अर्थ तुटला असता तर गाडीने थंड असतानाही त्रास दिला असता, त्यामुळे माझा संशय तिथे कमी आहे, पण पाच मिनिटांचं काम आहे.

सीडीआय शेवटी. तो साध्या मीटरने तपासता येत नाही, बाकी सगळं निर्दोष सुटलं तरच त्याच्यावर आरोप ठेवायचा. आणि तेव्हाही, जवळपास कुणाकडे चालू एटीसी २०० असेल तर त्याचा डबा तासभर उसना लावून बघा.

काळी-लाल आणि निळी-पिवळी, दोन्हींचे थंड आणि गरम असे चार आकडे मिळाले की इथेच खाली लिहा. शनिवारी बघतो.