पाटा वाढवलेल्या पिकअपचे ब्रेक: वॉल्व्हचा नट सगळ्यात शेवटी

भाऊ, तुमची गाडी जुनी पिकअप. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. टोमॅटोचे क्रेट जास्त बसावेत म्हणून मागच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवला. तेव्हापासून भरलेली गाडी नीट थांबेना, पुढचे पॅडही लवकर संपू लागले. मग एका मेकॅनिकने मागच्या वॉल्व्हचा दांडा तारेने वर बांधून दिला. आता भरलेली धरते, पण रिकामी परतताना ओल्या रस्त्यावर मागून सरकते. आणि तुम्ही विचारताय, त्या वॉल्व्हचा नट किती आटे फिरवू?

आटे राहू द्या, आधी ती तार काढा.

तो वॉल्व्ह (एलएसपीव्ही, म्हणजे मालाच्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी-जास्त करणारा) चेसिसवर असतो आणि त्याचा दांडा मागच्या एक्सलच्या हाउसिंगला जोडलेला असतो. माल भरला की पाटे दबतात, चेसिस खाली येते, दांडा वर उचलला जातो आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं. रिकाम्या गाडीत तो प्रेशर कापतो, कारण ब्रेक लागला की वजन पुढे जातं आणि हलकी झालेली मागची चाकं चटकन लॉक होतात, म्हणजे फिरायची थांबून घसटत जातात. पुढची आधी लॉक झाली तर स्टिअरिंग ऐकत नाही, पण गाडी साधारण सरळ जाते. मागची आधी लॉक झाली तर गाडी आडवीच होते. तारेमुळे वॉल्व्हला गाडी कायम भरलेलीच वाटते.

मूळ घोटाळा पाट्याचा आहे. जादा पाट्याने चेसिस उंच राहिली, त्यामुळे माल असूनही वॉल्व्ह गाडी रिकामी समजत होता. दांड्याची लांबी बदलून रिकाम्या गाडीचं माप मॅन्युअलप्रमाणे आणता येतं, पण तेवढ्याने भागत नाही. पाटे कडक झालेत, म्हणजे तेवढ्याच मालाला गाडी कमी दबणार आणि वॉल्व्हला वजन कमीच कळणार. माझं स्पष्ट मत: पाटा काढा आणि पासिंगइतकाच, म्हणजे आरसीवर मंजूर असेल तेवढाच, माल भरा.

आता ड्रम. 'मागचे ब्रेक कमी' अशा तक्रारींत मला वॉल्व्हपेक्षा ड्रमचेच दोष जास्त दिसलेत. हँडब्रेकची केबल आधी पूर्ण ढिली करा. ती ताणलेली असेल तर शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग) जागेवर बसत नाहीत आणि सेटिंग फसतं. ड्रम काढून बघा: व्हील सिलिंडर गळतोय का, एक्सलच्या सीलमधून ऑइल लायनरवर (शूच्या घासणाऱ्या थरावर) आलंय का. ऑइल प्यायलेले शू घासून परत बसवू नका, दोन्ही बाजूंचे बदला. धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. मग चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत अ‍ॅडजस्टर घट्ट करा आणि हलकं घासत मोकळं फिरेल इतका मागे घ्या. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. हँडब्रेक सगळ्यात शेवटी ताणा.

ब्लीडिंग करताना (ब्रेकच्या लाइनमधली हवा काढताना) चेसिस जॅकवर आणि मागची चाकं लोंबकळत ठेवू नका. तशात वॉल्व्ह रिकाम्या स्थितीत जातो आणि मागची हवा नीट निघत नाही. गाडीचं वजन चाकांवर असू द्या.

एवढं झाल्यावर मोकळ्या, कोरड्या मैदानात रिकामी गाडी साधारण 30 च्या वेगाने नेऊन जोरात ब्रेक मारा. एकाने लांब, बाजूला उभं राहून चाकं बघायची. मागची आधी लॉक झाली तर आता नट फिरवून दांडा मागचं प्रेशर कमी होईल अशा बाजूला थोडा सरकवा आणि पुन्हा बघा. नंतर तेच माल भरून. दांडा मोकळा हलत असूनही काहीच फरक पडला नाही तर वॉल्व्ह आतून जाम आहे, तो बदलायचा. पुढे-मागे प्रेशर गेज लावून देणारा मिळाला तर उत्तमच, अंदाजाचं कामच उरत नाही.

हे सगळं होईपर्यंत माळशेज घाट भरलेल्या गाडीने उतरू नका. तार काढल्यावर भरलेल्या गाडीचा मागचा ब्रेक पुन्हा कमी होणार आहे, आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर येईल. मॉडेलचं वर्ष आणि रिकाम्या गाडीत दांड्याची लांबी कळवा, म्हणजे मापाचं बोलू.