बापाला किती कळतं?

प्रश्न : मी धायरीला राहतो. चोविसाव्या वर्षी बाप झालेल्या मुलाची कथा लिहिली आहे. तो तान्ह्या मुलाशी बोलतो, 'तू आलास आणि...' अशी. एका दिवाळी अंकाकडून 'फार भावुक' म्हणून परत आली. प्रथमपुरुषी निवेदन सोडून तृतीयपुरुषी करू का?

उत्तर : करा, पण दुखणं तिथे नाही. तुमच्या नायकाला फार कळतं. भुकेचं रडणं कोणतं आणि पोटदुखीचं कोणतं, हे तो पहिल्याच पानावर ओळखतो. बायको बाळंतपणाला साताऱ्याला माहेरी, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे गडी शनिवारी स्वारगेटला एसटी पकडणार, रविवारी रात्री परत. त्या घरात तो जावई. आधी त्याला चहा मिळणार, मग बाळ.

माझी मुलगी झाली तेव्हा सासूबाई तिची टाळू भरत होत्या. तेलाखाली ती जागा उडताना दिसली आणि मी विचारलं, "हे असंच असतं का?" आतल्या खोलीतल्या बायका हसल्या. दुपारपर्यंत मी मुलीला हात लावला नाही. भीती हा शब्द न वापरता भीती लिहायची असेल तर असं काहीतरी शोधा.

तृतीयपुरुषात गेलात तरी त्याला दिसतं, ऐकू येतं तेवढंच लिहा. शेक-शेगडीचा धूर, ओव्याचा वास, दाराआडचं अर्धवट बोलणं. बायको गप्प आहे म्हणजे आपल्यावर चिडली, असं त्याला वाटू दे. ती रात्रभर जागी आहे हे वाचकाला कळेलच. ते समजावून सांगू नका (तुम्हाला ती खोड आहे).

'तू' सगळा काढू नका. एकदाच ठेवा, परतीच्या गाडीत, खंबाटकीच्या बोगद्यात. मूल समोर नसताना बाप त्याच्याशी बोलला तर ते खरं वाटतं.

'बघता बघता वर्ष सरलं' खोडा. टाळू भरून यायला साधारण दीड वर्ष लागतं. सुरुवातीला तिला हात लावायला घाबरणारा बाप शेवटी तिथेच खसाखसा टॉवेल फिरवतोय, एवढ्यात मधले महिने आले.

आणि वडिलांना फोन करून तो ढसाढसा रडतो, तो परिच्छेद काढा. फोन करू दे. वडील विचारतील, "बसायला जागा मिळाली का?"