'युफोरिया' बंद करू का? आधी औषधांचं कपाट बघा

तुम्ही लिहिलंय की सोळा वर्षांची लेक दार लावून 'युफोरिया' ही शाळकरी मुलांच्या व्यसनावरची एचबीओची मालिका बघते, परवा तिच्या बॅकपॅकमध्ये दोन निळ्या गोळ्या सापडल्या, तर आता मालिका बंद करावी का? वाचून पोटात गोळाच आला. २०१९ साली ती नवीन लागली तेव्हा आम्हीही इथे न्यू जर्सीत एचबीओच काढून टाकलं होतं. आमच्याकडे लेक नाही, मुलगा. अक्कलदाढ काढल्यावर उरलेल्या गोळ्या मात्र बाथरूमच्या कपाटात तशाच. मालिकेतली व्यसनात अडकलेली मुलगी रू आजारी वडिलांच्या गोळ्यांपासूनच सुरुवात करते, हे मला बघितल्यावर कळलं. बघितलं फार उशिरा.

पण ती चूक लहान. मोठी पुढे आहे.

दुसऱ्या सीझनमध्ये रूची आई लेस्ली उपचार केंद्राशी फोनवर बोलते, विनवण्या करते. तो प्रसंग मला बघवला नाही, कारण किचनमधल्या स्टुलावर बसून मी मुलासाठी तेच केलं होतं. आमच्या विमा कंपनीच्या बाई म्हणाल्या, "आधी भरती न करता बाहेरून उपचार करून बघा, ते फसले तर भरती." मी "थँक यू" म्हणून फोन ठेवला! नाव विचारलं नाही, नकार लेखी मागितला नाही. अकरा दिवस त्यांच्या फोनची वाट बघितली. अकराव्या रात्री मुलगा बाथरूमच्या फरशीवर सापडला, ओठ निळे. धाकटीने पाहिलं आधी. (मालिकेतल्या रूच्या धाकट्या बहिणीसारखंच, जियासारखं. घरातल्या दुसऱ्या मुलाकडे लक्ष ठेवा, ती गप्प बसतात.)

नंतर कळलं की नकार लेखी घेऊन तातडीचं अपील करता येतं आणि त्याचं उत्तर ७२ तासांत द्यावं लागतं. तरीही नाही म्हणाले तर बाहेरच्या त्रयस्थाकडून फेरतपासणी मागता येते. मी वकील नाही, डॉक्टरही नाही; तुमची पॉलिसी वेगळी असेल. पण फोनवरच्या 'नाही'ला नकार समजू नका. ती फक्त त्या बाईंची दुपार असते.

मालिकेचं म्हणाल तर माझं मत: बंद करू नका, शेजारी बसून बघा. नग्नता भरपूर आहे, दोघींनाही अवघडल्यासारखं होईल, होऊ दे. दुसऱ्या सीझनचा पाचवा भाग तरी बघाच. 'तिकडचं वातावरणच तसं' म्हणणाऱ्या पुण्याच्या नणंदेला मात्र काही सांगू नका. मी सांगितलं होतं, अजून ऐकतेय.

त्या निळ्या गोळ्या कुठून आल्या ते शांतपणे विचारा. बाहेरच्या गोळीत फेंटानिल, म्हणजे थोड्याशानेही जीव घेऊ शकणारं अफूवर्गीय औषध, असू शकतं. मालिकेत ड्रग्ज विकणाऱ्या फेझकोचं काम करणारा अँगस क्लाउड २०२३मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला, त्याच्या मृत्यूच्या अहवालातही ते होतं. अशा गोळ्यांचा ओव्हरडोस उतरवणाऱ्या नार्कनचा नाकात मारायचा स्प्रे आता प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो. आजच आणा, आणि कुठे ठेवलाय ते घरात सगळ्यांना दाखवा. मारल्यावरही ९११ ला फोन करायचाच, कारण त्याचा असर गोळीच्या असराआधी उतरू शकतो. आमचा फ्रिजवरच्या टोपलीत असतो, कांद्यांच्या शेजारी.