लायसन्स कुठलंही चालतं, पण कुठलं?

'मुलगी बी.एस्सी. नर्सिंग आहे, आयसीयूत चार वर्षं काम करते. लग्नानंतर अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, फिनिक्सला जाणार. होणारे जावई म्हणतात, ॲरिझोनात आता बाहेरचं लायसन्स चालतं. मग एनक्लेक्सचा, म्हणजे तिथल्या नर्सिंग लायसन्सच्या परीक्षेचा, अभ्यास थांबवावा का?' – एक वडील

नमस्कार,

अभ्यास मुळीच थांबवू नका. जावई म्हणतात तो कायदा खरा आहे, 2019 चा. पण त्यातलं 'बाहेरचं' म्हणजे अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्याचं; तेही निदान वर्षभर जुनं आणि कारवाईचा डाग नसलेलं. तिकडे नर्सपासून न्हाव्यापर्यंत लायसन्स ज्या-त्या राज्याचं असतं, त्यामुळे घर बदललं की पुन्हा अर्ज, पुन्हा फी. तो जाच कमी करायला हा कायदा आला. आपल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी त्यात बसत नाही.

म्हणजे पहिलं लायसन्स रीतसरच मिळवायचं: शिक्षणाची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा आणि एनक्लेक्स. एनक्लेक्स भारतातही देता येते. एकदा ते हातात आलं की पुढचं सोपं. चाळीसहून अधिक राज्यांचा नर्सिंग कॉम्पॅक्ट, म्हणजे एकमेकांची लायसन्सं मानण्याचा करार आहे, ॲरिझोना त्यात आहे. तिथल्या रहिवाशाला मिळणारं मल्टीस्टेट लायसन्स त्या सगळ्या राज्यांत चालतं. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क मात्र बाहेर आहेत. जावयांची बदली तिकडे होण्यासारखी असेल तर आत्ताच विचारून घ्या.

तुम्ही व्हिसाचं काहीच लिहिलं नाहीत, आणि मला खरी अडचण तिथेच दिसते. जावई एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असतील तर ती एच-4 वर, म्हणजे त्यांची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर जाईल. त्यावर थेट नोकरी करता येत नाही. वेगळं वर्क परमिट लागतं आणि ते सहसा नवऱ्याच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत गेल्यावरच मिळतं. परमिट नाही तर साधारणपणे सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) नाही, आणि त्या नंबराशिवाय मल्टीस्टेट लायसन्स नाही. परीक्षा पास होऊनही वर्षानुवर्षं घरी बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. तारीख धरण्याआधी जावयांना हे स्पष्ट विचारा. त्यात संकोच कसला?

कागदपत्रांचं काम मात्र आजच सुरू करा. कॉलेज आणि कौन्सिलने ती थेट पडताळणी संस्थेकडे पाठवायची असतात, आणि इथून पाठपुरावा करणं फिनिक्सहून करण्यापेक्षा कितीतरी सोपं. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर तेही आधीच ठरवा. परीक्षेच्या नोंदणीतलं आणि पासपोर्टवरचं नाव जुळलं नाही तर तिला केंद्रात बसूच देणार नाहीत.